मे महिन्यातला दोन मजली केक: परभणीतल्या एका ऑर्डरचा प्रकरण अभ्यास

ऑर्डर अशी होती. मुलीचा पहिला वाढदिवस आणि जावळ एकाच दिवशी. मे महिन्याचा दुसरा आठवडा. जिंतूरच्या पुढचं गाव, दारात कापडी मांडव, संध्याकाळी ६ वाजता केक कापायचा, माणसं शंभराच्या आसपास. केक दोन मजली, फिकट गुलाबी, अंगभर क्रीमचे गुलाब. मुलीच्या वडिलांनी मोबाइलवर फोटो पाठवला आणि सांगितलं, "ताई, फोटोत हाय तसाच पाहिजे बघा. आन् अंडं नको, आमची आज्जी माळकरी हाय."

ऑर्डर घेणाऱ्या ताई परभणीत घरूनच केक करतात. हात स्वच्छ, क्रीमची फुलं पाडायच्या नोझलवर चांगली पकड. मी परभणीत घरगुती बेकिंग शिकवते, त्या ओळखीतून त्या सल्ल्याला आल्या. त्यांचा प्रश्न एवढाच होता की व्हिप क्रीम कोणतं घेऊ, म्हणजे गुलाब टिकतील. एका ऑर्डरीत फ्रॉस्टिंगची, म्हणजे केकवर लावायच्या थराची, जवळजवळ सगळी कोडी एकत्र आली, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

आधी घड्याळ आणि तापमापी

फोटोतला केक कुठे उभा आहे ते फोटोत दिसत नाही. तो बहुधा एसीच्या खोलीत असतो. परभणीत मे महिन्यात दुपारी ४२ अंश ही रोजची गोष्ट, कधी त्याच्याही वर. मांडवाच्या कापडाखाली सावली असते, गारवा नसतो. म्हणून चवीचा विषय काढायच्या आधी आम्ही एकच हिशेब मांडला: केक फ्रिजमधून निघाल्यापासून त्याला सुरी लागेपर्यंत किती वेळ जाणार आणि त्यातला किती वेळ तो उघड्यावर असणार?

मूळ बेतात उत्तर वाईट होतं. ६ ला कापायचा म्हणजे साडेचारच्या आत गावात पोचायचं, म्हणजे भर उन्हात ३ वाजता परभणी सोडायची. मांडवात टेबलावर केक मांडून ठेवायची आपल्याकडे हौस असते, पाहुणे येतात, फोटो काढतात. त्यात पाहुणे वेळेवर जमणार नाहीत हे सगळ्यांनाच ठाऊक. एकूण तीन तास, त्यातला दीड तास उघड्यावर. अशा वेळापत्रकात टिकेल असं स्निग्ध पदार्थाचं फ्रॉस्टिंग नाही, हे ताईंना स्पष्ट सांगितलं.

कारण साधं आहे. दुधाचं लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं. खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर ३४ च्या आसपास. कंपाउंड चॉकलेटमधलं वनस्पती तूप थोडं जास्त तग धरतं, पण ४२ पुढे तेही हरतं. मांडवातली हवाच या सगळ्यांच्या वितळणबिंदूपेक्षा गरम. त्यामुळे 'कोणतं वितळणार नाही' असं विचारण्यात अर्थ उरत नाही. कोणतं सगळ्यात उशिरा आकार सोडेल, आणि तेवढा उशीर आपल्याला पुरेल का, हे पाहायचं.

ताईंनी मग मुलीच्या वडिलांना फोन केला आणि केक कापायची वेळ दिवस मावळल्यावर, सव्वासातला मागून घेतली. "दादा, जावळाचा कार्यक्रम आधी उरकून घ्या, केक नंतर ठेवू." त्यांनी लगेच मान्य केलं, कारण उन्हाचा त्रास लेकरालाही होणारच होता. या एका फोनने जेवढं काम झालं तेवढं महागड्या क्रीमने झालं नसतं. केक करणाऱ्या बायका वेळ बदलायला सांगायला संकोचतात. संकोचू नये, गिऱ्हाईक ऐकतं.

काय काय तपासलं

व्हिप क्रीम पहिलं, कारण मागणी त्याचीच होती. आपल्याकडे केकवर जे पांढरं क्रीम लागतं ते बहुतेक वेळा नॉन-डेअरी असतं: वनस्पती तूप, साखर, पाणी, स्थिरक आणि सोडियम कॅसिनेट. हे शेवटचं दुधातलंच प्रथिन आहे, त्यामुळे दूध अजिबात न चालणाऱ्याला 'नॉन-डेअरी' म्हणून हे देऊ नये. गोठवलेला पॅक फ्रिजमध्ये हळूहळू सुटा करून, क्रीम ७ ते १० अंशांवर असताना फेटलं तर ते तिप्पट-चौपट फुगतं. दुधाच्या क्रीमपेक्षा ते उन्हाळ्यात बरं. पण फुगलेलं क्रीम हवेच्या बुडबुड्यांवर उभं असतं आणि ते बुडबुडे थंड, घट्ट स्निग्धांशाने धरून ठेवलेले असतात. स्निग्धांश मऊ झाला की आधी पाकळ्यांच्या पातळ कडा पडतात, मग गुलाब बसतो, मग सगळा थर खाली सरकतो. गुलाब जेवढा उंच तेवढा लवकर पडणार.

एक गैरसमज इथेच काढून टाकते. किराणा दुकानात जे २५ टक्के स्निग्धांशाचं फ्रेश क्रीम मिळतं ते फेटून उभं राहत नाही, त्याला किमान ३० टक्के लागतात. बर्फावर भांडं ठेवून तासभर फेटलं तरी नाही. ते क्रीम गनाशसाठी मात्र उत्तम, त्याबद्दल पुढे.

बटरक्रीमचे दोन मार्ग होते. साधं, म्हणजे एक भाग बिनमिठाचं लोणी आणि दोन भाग पिठीसाखर. आणि दुसरं, अंड्याच्या पांढऱ्याचं मरँग, म्हणजे साखर घालून फेटलेला फेस, घालून केलेलं. दुसरं आज्जींमुळे बाद. अंड्याऐवजी छोले शिजवलेलं पाणी फेटूनही मरँग होतं, पण शेवटी त्यात लोणी जाणारच आणि लोण्याचं गणित वर आलंच आहे. काही जणी लोण्याऐवजी डालडा वापरतात. आकार थोडा जास्त टिकतो, पण टाळूवर तुपकट थर बसतो तो पाणी प्यायलं तरी जात नाही. लेकराच्या पहिल्या वाढदिवसाला असा केक खायला घालू नये, असं माझं ठाम मत आहे.

क्रीम चीज सगळ्यात नाजूक, त्यावर वेळ घालवला नाही.

उरलं गनाश आणि फॉन्डंट. गनाश म्हणजे गरम क्रीममध्ये विरघळवलेलं चॉकलेट. त्यात हवा नसते, ते घट्ट आणि जड असतं. थंडगार केकवर त्याचा जाड थर असला की आतपर्यंत ऊब पोचायला वेळ लागतो. फॉन्डंट म्हणजे पोळीसारखं लाटून केकवर चढवायचं पीठ. ते मुख्यतः साखरेचं, त्यामुळे ४२ अंशांना वितळत नाही. त्याचा शत्रू ओलावा. आणि मे महिन्यात मराठवाड्याच्या हवेत नेमका तोच नसतो.

ओसरीतली चाचणी

बोलण्यावर न थांबता ताईंनी चाचणी घेतली. दुपारी २ ला, ओसरीच्या सावलीत, तापमापी शेजारी ठेवून. फ्रिजमधल्या थंड केकच्या चार तुकड्यांवर चार प्रकार: नॉन-डेअरी क्रीमचा गुलाब, बटरक्रीमचा गुलाब, पांढऱ्या गनाशचा गुळगुळीत थर, आणि तसाच थर वरून फॉन्डंटने झाकलेला. (नुसत्या स्टीलच्या ताटलीत गोळे ठेवून ही चाचणी करू नका. ताटली तापते आणि निकाल फसवा येतो.)

बटरक्रीमभोवती पाव तासात तेलाचं वर्तुळ दिसू लागलं. क्रीमच्या गुलाबाच्या कडा अर्ध्या तासाच्या आत झुकल्या. गनाश चकाकायला लागलं, बोट लावलं की चिकटायचं, पण कोपरा उभा होता. फॉन्डंटखालचं गनाश तासाभरानेही हाताला थोडं मऊ लागत होतं, एवढंच. बाहेरचा आकार जसाच्या तसा.

निर्णय इथे झाला. आतून घट्ट पांढरं गनाश, त्यावर पातळ फॉन्डंट, आणि गुलाब क्रीमचे न करता साखरेचे. खाण्यासाठी लागणारा बाकीचा केक वेगळा, ट्रेमध्ये, व्हिप क्रीम लावून बर्फाच्या पेटीत. मांडवात फक्त दोन मजली केक दिसेल. ट्रे थेट वाढायच्या वेळी उघडायचे. लोकांना क्रीमचा मऊ केकच आवडतो आणि फॉन्डंट बरेच जण सोलून बाजूला ठेवतात, हे आम्हाला माहीत होतं. म्हणून चव एका केकवर सोपवली आणि देखावा दुसऱ्यावर.

माळकरी घरासाठी आणखी दोन गोष्टी

अंडं टाळलं म्हणजे केक शाकाहारी झाला, एवढ्यावर थांबून चालत नाही. काही फॉन्डंटमध्ये जिलेटिन असतं आणि ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून करतात. मार्शमॅलो वितळवून घरी केलेल्या फॉन्डंटमध्येही ते येतं. दुसरी गोष्ट गुलाबी रंगाची. कार्माइन, म्हणजे ई १२०, हा लालसर रंग कोचिनील नावाच्या किड्यांपासून मिळतो. पाकिटावरचा हिरवा ठिपका आणि घटकांची यादी, दोन्ही वाचूनच माल घ्यायचा. ताईंनी दोन्ही पाकिटांचे फोटो मुलीच्या वडिलांना पाठवून ठेवले. आज्जींनी विचारलं तर घरच्यांना उत्तर देता यावं म्हणून. हे मला फार आवडलं. श्रद्धेच्या बाबतीत 'चालतंय की' म्हणणं ही फसवणूक आहे.

गनाश

पांढऱ्या चॉकलेटचं गनाश एरवी तीनास एक करतात: तीन भाग चॉकलेट, एक भाग क्रीम. मे महिन्यासाठी चारास एक घेतलं. १२०० ग्रॅम पांढरं कंपाउंड, ३०० ग्रॅम फ्रेश क्रीम. ८ इंची खालचा आणि ५ इंची वरचा मजला, दोन्हींना बाहेरून लावायला आणि आतला बांध घालायला एवढं पुरलं.

चॉकलेट बारीक चिरायचं. क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंतच तापवायचं, खळखळ उकळायचं नाही. ते चॉकलेटवर ओतून दोन मिनिटं हात लावायचा नाही, मग मधूनच सुरुवात करून हळूहळू ढवळत बाहेर यायचं. चारास एकच्या प्रमाणात क्रीमची ऊब सगळं चॉकलेट विरघळवायला पुरत नाही, गुठळ्या राहतात. तेव्हा मायक्रोवेव्हमध्ये दहा-दहा सेकंद, किंवा गरम पाण्याच्या भांड्यावर. पाण्याचा थेंब किंवा वाफ आत जाऊ द्यायची नाही. गनाश फाटून तेल वर आलं तर फेकू नका. चमचा-दोन चमचे कोमट दूध घालून शांतपणे ढवळलं की ते पुन्हा एकजीव होतं.

पुस्तकी कृतीत गनाश रात्रभर बाहेर ठेवून घट्ट होऊ द्या असं असतं. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीही खोली ३० अंशांच्या घरात असते, तिथे ते घट्ट होणार कसं? वर चिकटून प्लास्टिकची फिल्म लावून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि लावायच्या वेळी थोडं थोडं मऊ करून घ्यायचं. कापडात टांगलेल्या चक्क्याइतकं घट्ट झालं की ते लावायला योग्य.

लावण्याचं काम पहाटे

ताईंच्या स्वयंपाकघराशेजारी कूलर आहे, जसा आपल्याकडे घरोघरी असतो. कूलर हवा गार करतो ती पाणी मिसळून. त्या हवेत फॉन्डंट चिकट होतं, लाटताना ओट्याला धरतं, केकवर चढवल्यावर ओघळल्यासारखं दिसतं. कोरडी हवा ही इथली जमेची बाजू आणि कूलरने ती घालवायची, असं करायचं नव्हतं. म्हणून कूलर बंद ठेवून काम पहाटे ४ ला सुरू केलं. दिवसातली सगळ्यात कमी उष्णता तेव्हाच असते, आणि वीज गेली तरी काम अडत नाही.

स्पंज तेलाचा केला होता. लोण्याचा स्पंज फ्रिजमध्ये कडक होतो, तेलाचा थंड असतानाही मऊ राहतो. हा केक थंडच कापला जाणार होता. बिनअंड्याच्या स्पंजचा चुरा जास्त सुटतो, म्हणून साखरपाणी अगदी हलक्या हाताने, नुसत्या ब्रशने. फॉन्डंटखाली भिजका केक म्हणजे बसलेला केक.

भरायला केशर आंब्याचा रस. मराठवाड्याच्या केशरला भौगोलिक मानांकन आहे आणि मे हा त्याचाच महिना, मग डब्यातला आंबा कशाला? पण कच्चा रस घातला तर पाणी सुटून थर घसरतात. रस साखर घालून, जॅमसारखा दाट होईपर्यंत आटवला, चमचाभर लिंबू पिळलं. प्रत्येक थराच्या कडेने गनाशचा जाड बांध घातला आणि आंबा त्याच्या आत राहील एवढाच भरला. गावाकडच्या काकांनी कुंथलगिरीच्या खव्याचं सारण सुचवलं होतं. कल्पना सुंदर, पण त्या उन्हात खवा लवकर आंबतो. थंडीत करून बघण्यासारखं आहे.

थर रचून अर्धा तास फ्रिजमध्ये. मग पहिला पातळ लेप, चुरा धरून ठेवण्यापुरता. पुन्हा फ्रिज. मग दुसरा, बोटभर जाड नाही पण स्पंज कुठेही दिसणार नाही असा. टर्नटेबल फिरवत स्क्रेपर उभा धरून बाजू सरळ केल्या, गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने वरची कड धारदार केली. फॉन्डंट खालचा प्रत्येक खड्डा दाखवतं, त्यामुळे खरी मेहनत इथेच. ताईंना घाई सुटत होती. मी त्यांना थांबवत राहिले.

फॉन्डंट आदल्या दिवशीच रंगवलं होतं, कारण जेलचा रंग मुरत मुरत गडद होतो. हवा होता त्यापेक्षा एक छटा फिकट ठेवला. लाटताना खाली थोडं कॉर्नफ्लोर, जाडी ३ मिलिमीटर. गनाशवर ओला ब्रश नुसता फिरवून फॉन्डंट चढवलं, आधी वरचा भाग तळव्याने, मग बाजू वरून खाली. इथे एक धोका कोरड्या हवेचाही असतो: रेंगाळलं तर फॉन्डंटला सुरकुत्या आणि बारीक भेगा पडतात. लाटल्यापासून बसवेपर्यंत थांबायचं नाही.

गुलाब तर आधीच तयार होते. फॉन्डंटमध्ये चिमूट-चिमूट सीएमसी पावडर (खाण्याच्या डिंकासारखी, घट्टपणा आणणारी) मळून केलेल्या पाकळ्या मे महिन्यात रात्रीतून कडक वाळतात. पावसाळ्यात त्याच पाकळ्या दिवसेंदिवस मऊ राहतात. गुलाब उन्हात ठेवले नाहीत, गुलाबी रंग उजेडाने उडतो. डब्यात, कागदात गुंडाळून.

रस्ता

दोन्ही मजले सुटे नेले. खालच्या केकमध्ये चार आधारकाड्या आधीच खोचून केकच्या उंचीला कापल्या होत्या, वरचा मजला त्यांच्यावर बसणार होता. रचलेला केक गतिरोधकांवरून नेणं म्हणजे जुगार.

प्रत्येक केक पुठ्ठ्याच्या खोक्यात, खोकं थर्माकोलच्या पेटीत, कडेने वर्तमानपत्रात गुंडाळलेले जेल आइस पॅक. पेट्या गाडीच्या मधल्या पायाखालच्या सपाट जागेत, रबरी जाळीच्या मॅटवर. डिकीत एसी पोचत नाही आणि सीट उतरती असते. ताई पावणेपाचला निघून सव्वासहाला पोचल्या.

पोचल्यावर पेटी लगेच उघडली नाही. थंड वस्तू बाहेर काढली की हवेतलं पाणी तिच्यावर जमतं. मे महिन्याच्या कोरड्या हवेत हा त्रास थोडा, पण नसतोच असं नाही. खोकं बंद ठेवलं तर घाम खोक्याला येतो, केकला नाही. घरातल्या आतल्या खोलीत वीस मिनिटांनी पेटी उघडून मजले रचले, गुलाब गनाशच्या ठिपक्यांनी चिकटवले.

खालच्या मजल्याला मागच्या बाजूने एक फुगवटा आला होता. फॉन्डंटखाली अडकलेली हवा उबेने फुगते. स्वच्छ टाचणीने भोक पाडून तळव्याने दाबला, वर एक गुलाब लावला.

सात वाजून पाच मिनिटांनी केक मांडवात आणला, तोही हॅलोजनच्या दिव्यापासून लांबच्या टेबलावर. सव्वासातला कापायचा तो साडेसातला कापला गेला. उघड्यावर पंचवीस मिनिटं. गनाश कापताना सुरीला थोडं चिकटलं, थर सरकले नाहीत, आंबा बाहेर आला नाही. पोरांनी फेसाचा स्प्रे आणला होता, तो ताईंनी केक कापेपर्यंत स्वतःजवळ ठेवून घेतला. तो खाण्याचा पदार्थ नाही, आणि वाढदिवसाच्या केकवर तो उडवलेला बघून मला दर वेळी वाईट वाटतं.

ट्रेचे केक पेटीतून थेट पानावर गेले. अमेरिकेच्या कृषी खात्याची एक सूचना या हवेत पाळावी अशी आहे: ३२ अंशांच्या वर नाशवंत पदार्थ तासापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. त्यामुळे एक ट्रे संपल्यावरच दुसरा उघडला.

अपेक्षेप्रमाणे काही पानांवर फॉन्डंटच्या सालीच उरल्या. मुलीच्या आईने मात्र गुलाब काढून डब्यात ठेवले. पैशांचं म्हणाल तर नेहमीच्या क्रीम केकच्या दीडपट दर लावावा लागला. मजुरी पहाटेची होती आणि चॉकलेटच सव्वा किलोच्या घरात गेलं. ताईंनी तो आधीच सांगितला होता, त्यामुळे घासाघीस झाली नाही.

हीच कृती दुसऱ्या ऋतूत

त्या घरातून ऑगस्टसाठी पुन्हा विचारणा आली आणि ताई तोच केक करायला निघाल्या. मी नको म्हटलं. पावसाळ्यात हवा दमट, फ्रिजमधून काढलेलं फॉन्डंट घामाने चिकट होतं, रंग ओघळतो. तेव्हा बाहेरची उष्णता २८-३० च्या घरात उतरते, म्हणून नॉन-डेअरी क्रीम पुन्हा हाताशी येतं. गुलाबही लहान ठेवले तर क्रीमचेच करता येतात. साखरेच्या फुलांना मात्र त्या महिन्यांत सुट्टी. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा रात्री एक आकडी होतो, तेव्हा चारास एक गनाश सुरीला दाद देत नाही. पांढऱ्याचं अडीचास एक, गडद चॉकलेटचं दीडास एक पुरतं, आणि फॉन्डंटची गरजच राहत नाही. काकांचा खवाही तेव्हाच घालायचा ठरलं आहे.